वाहितमलातील नायट्रोजनाचे जैव निष्कासन

वाहितमलातील अमोनिया व इतर नायट्रोजनयुक्त संयुगांचे सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने प्रथम ऑक्सिडीभवन व नंतर क्षपण करून त्यांतील नायट्रोजन वायुरूपात वातावरणात सोडून देण्याच्या क्रियेस नायट्रोजनाचे जैव निष्कासन म्हणतात. पहिल्या टप्प्यास नायट्रीकरण व दुसऱ्यास विनायट्रीकरण अशी नावे आहेत. दोन्ही टप्पे पूर्णत्वास गेल्यास निरुपद्रवी नायट्रोजन वायू मिळतो. ते अर्धवट राहिल्यास नायट्रस ऑक्साइड हा वायू निसटतो. वातावरण तापविण्याची त्याची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २७३ पट आहे. पाण्याचे प्रदूषण टाळण्यासाठी केलेली क्रिया हवेच्या प्रदूषणास कारण होऊ शकते, ही गोष्ट संस्करणशास्त्राच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीनंतर ध्यानात आली. या वाटचालीत ‘शुद्ध पाणी’ या कल्पनेचा अर्थ अनेकदा बदलला आणि प्रत्येक वेळी जे मोजले जात नव्हते तेच पुढच्या पिढीपुढे प्रश्न म्हणून उभे राहिले.

पार्श्वभूमी : माणसाच्या आहारातील प्रथिनांचा नायट्रोजन अखेर मलमूत्रावाटे बाहेर पडतो. दरडोई त्याचे प्रमाण दररोज सु. १० ते १२ ग्रॅ. भरते आणि त्यापैकी सु. चार-पंचमांश मूत्रातून येतो. मूत्रातील यूरियाचे भुयारी गटारांतून वाहतानाच अमोनियात रूपांतर होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यूरोपातील मोठ्या शहरांत पाण्याचे संडास व भुयारी गटारे आली, तेव्हा हा सर्व नायट्रोजन नद्यांत जाऊ लागला. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडन येथे टेम्स नदीला असह्य दुर्गंधी सुटली व त्यानंतर शहराच्या गटारव्यवस्थेची नव्याने उभारणी झाली. त्या काळी युस्टुस फोन लीबिक या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना दुर्गंधीइतकीच खतद्रव्याच्या नाशाची चिंता वाटत होती. शेतातून आलेली पोषकद्रव्ये शेतात परत गेली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. पॅरिसजवळील जनव्हिल्ये येथे व बर्लिनच्या परिसरात वाहितमलावर शेती करण्याचे मोठे प्रयोग याच विचाराने झाले. १८९८ मध्ये विल्यम क्रुक्स यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात गव्हाच्या पिकाला पुढे नायट्रोजन अपुरा पडेल, असा इशारा दिला. शहरांचे वाहितमल समुद्रात घालविणे ही त्यांच्या मते मोठी उधळपट्टी होती. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे हवेतील नायट्रोजनापासून अमोनिया तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. नायट्रोजनयुक्त खत कारखान्यातून मिळू लागले आणि वाहितमलातील नायट्रोजन वाचविण्याची निकड मागे पडली.

नायट्रीकरणाचा शोध : इंग्लंडमधील नद्यांच्या प्रदूषणाची चौकशी करण्यासाठी १८६८ मध्ये नेमलेल्या आयोगाचे सदस्य एडवर्ड फ्रँकलंड यांनी वाळू व माती भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून वाहितमल थांबून थांबून सोडले. मधल्या विश्रांतीत हवा आत शिरली, तर खाली येणारे पाणी स्वच्छ असते व त्यात नायट्रेटे आढळतात, असे त्यांना दिसून आले. मात्र ही क्रिया केवळ रासायनिक असावी, असा त्यांचा समज होता. १८७७ मध्ये पॅरिस येथे तेओफील श्लेसिंग व आशील म्युन्त्स यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या सु. १ मी. लांबीच्या नळीतून वाहितमल अत्यंत मंद गतीने झिरपू दिले. पहिले वीस दिवस अमोनियात काहीच फरक पडला नाही. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले. क्रिया केवळ रासायनिक असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हावयास हवी होती. नळीत क्लोरोफॉर्माची वाफ सोडताच क्रिया थांबली आणि पुढे ताजी माती धुतलेले पाणी घालताच ती पुन्हा सुरू झाली. हे काम सजीवांचे आहे, हे यावरून सिद्ध झाले.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी अमोनियापासून नायट्राइट व नायट्राइटापासून नायट्रेट असे दोन टप्पे असल्याचे दाखविले. १८९० मध्ये झुरिक येथे सर्ग्येई विनोग्राड्स्की यांनी हे सूक्ष्मजंतू वेगळे काढण्यात यश मिळविले. हे जंतू सेंद्रिय अन्नावर जगत नाहीत. अमोनियाच्या ऑक्सिडीभवनातून ऊर्जा व कार्बन डाय-ऑक्साइडापासून कार्बन मिळवून ते आपली वाढ करतात. म्हणूनच त्यांची वाढ फार सावकाश होते. हा सावकाशपणा पुढील सर्व अभियांत्रिकीचा कळीचा मुद्दा ठरला. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स राज्यातील लॉरेन्स येथे १८८७ पासून सुरू झालेल्या प्रयोगांत वाळूच्या निस्यंदकांचे यश नायट्रीकरणाच्या पूर्णतेवरून जोखले जाऊ लागले.

विनायट्रीकरणाचा शोध : नायट्रेटाचा नायट्रोजन जंतूंमुळे वायुरूप होऊन उडून जातो, हे फ्रान्समध्ये बॉर्दो येथील यूलिस गेयाँ व त्यांचे सहकारी द्युपेती यांनी १८८२ ते १८८६ या काळात दाखवून दिले. ऑक्सिजन न मिळाल्यास काही सूक्ष्मजंतू नायट्रेटातील ऑक्सिजन वापरून सेंद्रिय द्रव्याचे ज्वलन करतात. यात नायट्रेट, नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड व नायट्रोजन वायू अशी उतरती साखळी असते. शेतीशास्त्राच्या दृष्टीने ही खताची हानी होती. पाण्याच्या शुद्धीकरणासाठी तिचा मुद्दाम उपयोग करण्याची कल्पना रूढ होण्यास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली.

सक्रियित गाळ पद्धती : १९१२ मध्ये मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर यांनी लॉरेन्स येथील प्रयोग पाहिले. त्यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी मँचेस्टरच्या डेव्हिहूम केंद्रात बाटलीतील वाहितमलात हवा फुंकण्यास सुरुवात केली. पहिल्या खेपेस पूर्ण नायट्रीकरण होण्यास सु. पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे निवळ पाणी काढून घेतले, तळाचा गाळ तसाच ठेवला व त्यावर ताजे वाहितमल ओतले. हा क्रम चालू ठेवताच लागणारा वेळ झपाट्याने घटत गेला व शेवटी चोवीस तासांच्या आत क्रिया पूर्ण होऊ लागली. या गाळाला त्यांनी ‘सक्रियित गाळ’ म्हटले व ३ एप्रिल १९१४ रोजी आपला निबंध सादर केला. आज जगातील मोठ्या शहरांत सर्वाधिक प्रचलित असलेली संस्करण पद्धती हीच होय. फाउलर १९१६ मध्ये बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. नायट्रोजन वाया जाऊ न देण्याच्या जीवरसायनशास्त्रावर त्यांनी १९३४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

आर्डर्न व लॉकेट यांची कसोटी नायट्रीकरणाची होती. परंतु पद्धतीचा प्रसार होत असता ही कसोटी मागे पडली. ब्रिटनच्या वाहितमल आयोगाने १९१२ मधील आठव्या अहवालात निस्सारित पाण्यासाठी दर लि. मध्ये २० मिग्रॅ. जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी व ३० मिग्रॅ. निलंबित घनद्रव्ये या मर्यादा सुचविल्या होत्या. त्या जगभर आदर्श ठरल्या. त्यांत नायट्रोजनाचा उल्लेख नव्हता. ऑक्सिजन मागणीची परीक्षा पाच दिवसांची असते. अशुद्ध वाहितमलाच्या नमुन्यात मंद गतीने वाढणाऱ्या नायट्रीकारक जंतूंचे काम तेवढ्या अवधीत सहसा सुरूच होत नाही. त्यामुळे अमोनियाची ऑक्सिजन मागणी मोजमापातून निसटत असे. शिवाय १ किग्रॅ. नायट्रोजनाच्या नायट्रीकरणास सु. ४.६ किग्रॅ. ऑक्सिजन लागतो. हा हवेचा खर्च वाचविण्यासाठी टाक्या लहान व गाळाचे वास्तव्य अल्प ठेवण्याचा प्रघात पडला. नायट्रेट असलेला गाळ निवळण टाकीत पडून राहिल्यास विनायट्रीकरणाचे बुडबुडे त्याला वर उचलतात, हेही नायट्रीकरण टाळण्याचे एक कारण होते.

निष्कासनाचे तंत्र : दुसऱ्या महायुद्धानंतर सरोवरे व उथळ किनारी समुद्र शैवलांनी भरू लागले. अमोनिया माशांना विषारी ठरतो व नद्यांतील ऑक्सिजन संपवितो. पिण्याच्या पाण्यातील जादा नायट्रेटामुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. या गोष्टी स्पष्ट होत गेल्या तसे नायट्रोजनाकडे पुन्हा लक्ष गेले. १९६४ मध्ये इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथील प्रयोगशाळेत डाउनिंग, पेंटर व नोल्स यांनी नायट्रीकरणाचे गणित मांडले. गाळ टाकीत किती दिवस राहतो यावर नायट्रीकारक जंतू तगतात की वाहून जातात हे ठरते आणि थंडीत हा अवधी वाढवावा लागतो, हे त्यातून निश्चित झाले.

विनायट्रीकरणास सेंद्रिय अन्न लागते. परंतु नायट्रीकरण पुरे होईपर्यंत वाहितमलातील असे अन्न संपून गेलेले असते. १९६२ मध्ये अमेरिकेत लुडझॅक व एटिंगर यांनी हवा नसलेला भाग टाकीच्या आरंभीच ठेवून ताज्या वाहितमलातील अन्नाचा उपयोग करून घेतला. १९७३ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी हवेशीर भागातील नायट्रेटयुक्त मिश्रण पंपाने आरंभीच्या भागात परत आणण्याची योजना केली. येणाऱ्या प्रवाहाच्या चौपट मिश्रण परत फिरविल्यास नायट्रेटाचा सु. ८० टक्के भाग काढता येतो. यात १ किग्रॅ. नायट्रोजनामागे सु. २.९ किग्रॅ. ऑक्सिजन जणू परत मिळतो, हा आर्थिक लाभही होता. यूरोपीय समुदायाने १९९१ च्या निर्देशाने अतिपोषणाचा धोका असलेल्या जलाशयांसाठी एकूण नायट्रोजनाची मर्यादा मध्यम शहरांना दर लि. मध्ये १५ व मोठ्या शहरांना १० मिग्रॅ. अशी घातली. यामुळे सहस्रावधी केंद्रांची पुनर्रचना झाली.

नायट्रस ऑक्साइडाचा प्रश्न : हा वायू जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये शोधला व पुढे तो शुद्धिहारक म्हणून ओळखला गेला. १९७० मध्ये पाउल क्रूट्सन यांनी नायट्रोजनाची ऑक्साइडे वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनाचा नाश करतात, असे दाखविले. त्यांचा मुख्य उगम जमिनीवरून वर जाणारा नायट्रस ऑक्साइड हाच असतो. १९७६ मध्ये त्याच्या उष्णतारोधक गुणाची गणिते प्रसिद्ध झाली. वातावरणात हा वायू सरासरी शंभर वर्षांहून अधिक काळ टिकतो.

वाहितमल केंद्रांतून तो किती सुटतो याचे बहुधा सर्वाधिक उद्धृत झालेले मापन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील न्यू हँपशर राज्यातील डरॅम या लहान शहराच्या केंद्रात दरडोई वर्षाला ३.२ ग्रॅ. इतका अंक मिळाला. येणाऱ्या नायट्रोजनाच्या ०.०३५ टक्के एवढेच हे प्रमाण होय. आयपीसीसी या आंतरशासकीय मंडळाने २००६ च्या मार्गदर्शिकेत हाच अंक केंद्रांसाठी गृहीत धरला. अनेक देशांच्या हिशोबांत त्यामुळे हा उगम नगण्य ठरला. परंतु डरॅमचे केंद्र नायट्रोजन काढण्यासाठी बांधलेलेच नव्हते. नायट्रीकरण जेथे होते, तेथे काय घडते हे त्या अंकावरून कळण्यासारखे नव्हते.

२००९ मध्ये कांपश्रूर व सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यात प्रत्यक्ष केंद्रांतील उत्सर्ग येणाऱ्या नायट्रोजनाच्या ० ते १४.६ टक्के इतका भिन्न आढळला. याचे एक कारण मापनपद्धतीत होते. उत्सर्ग दिवसाच्या प्रहरानुसार व ऋतूनुसार बदलतो, त्यामुळे एखाद्या दिवशी घेतलेला नमुना दिशाभूल करू शकतो. नेदर्लंड्समधील क्रालिंगसेफेअर येथील केंद्र आच्छादित असल्याने तेथील बाहेर जाणारी सर्व हवा सतत तपासता आली. सोळा महिन्यांच्या नोंदींत हे प्रमाण सु. २.८ टक्के भरले आणि केंद्राच्या एकूण हरितगृह वायुभाराचा सु. तीन-चतुर्थांश भाग एकट्या नायट्रस ऑक्साइडाचा निघाला. हेलसिंकी येथील व्हीकिन्मॅकी केंद्र खडकाच्या पोटात असल्याने तेथेही अशा दीर्घ नोंदी झाल्या. आयपीसीसीच्या २०१९ च्या सुधारणेत हवेशीर केंद्रांसाठी १.६ टक्के हा अंक आला. जुन्या अंकाच्या मानाने ही वाढ सु. ४५ पट आहे. वायू वाढला नव्हता. तो प्रथमच नीट मोजला गेला होता.

उत्सर्गाची कारणे : हा वायू दोन्ही टप्प्यांत निर्माण होतो. नायट्रीकरणात हायड्रॉक्सिलअमाइन हे मधले संयुग ऑक्सिडीभूत होताना तो उपफल म्हणून निघतो. ऑक्सिजन अपुरा पडल्यास नायट्रीकारक जंतू स्वतःच नायट्राइटाचे क्षपण करू लागतात व त्यातूनही तो मिळतो. विनायट्रीकरणात तो साखळीतील शेवटून दुसरी पायरी आहे. त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे एंझाइम तांबेयुक्त असून ऑक्सिजनाच्या संपर्काने त्याचे कार्य इतर एंझाइमांपेक्षा लवकर मंदावते. सेंद्रिय अन्न अपुरे असेल, नायट्राइट साचले असेल वा थोडी हवा मिसळली असेल, तर साखळी शेवटच्या कडीपाशी तुटते. द्रवात विरघळलेला वायू मग पुढच्या टाकीतील हवेच्या बुडबुड्यांबरोबर बाहेर पडतो. सेंद्रिय द्रव्यापासून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड अन्नातून, म्हणजे मूलतः हवेतूनच आलेला असल्याने उत्सर्गाच्या हिशोबात धरत नाहीत. मिथेन मात्र धरतात. तो गटारांत व गाळाच्या अनॉक्सिजीवी पचनात तयार होतो.

वीज आणि वायू : नायट्रस ऑक्साइडाच्या रूपाने १ टक्का नायट्रोजन सुटणे किती गंभीर आहे हे साध्या हिशोबाने कळते. १ किग्रॅ. नायट्रोजनाचा १ टक्का म्हणजे १० ग्रॅ.; त्यापासून सु. १६ ग्रॅ. नायट्रस ऑक्साइड होतो व तो सु. ४.३ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या बरोबरीचा ठरतो. त्याच १ किग्रॅ. नायट्रोजनाच्या नायट्रीकरणासाठी हवा पुरविण्यास साधारणतः ३ ते ४ किलोवॉट-तास वीज लागते. कोळशावरील विजेचा तेवढा वापर धरला तरी त्याचा कार्बनभार साधारणतः या १ टक्क्याच्या जवळपासच येतो. म्हणून वीज वाचविण्यासाठी हवा फार कमी केली, तर देयकातील बचत वातावरणाच्या खात्यावर अनेक पटींनी वसूल होऊ शकते. उलट हवा अति दिली, तर ऑक्सिजन विनायट्रीकरणाच्या भागात जाऊन तेथील क्रिया बिघडते. पुरेसा गाळ, स्थिर ऑक्सिजन पातळी, नायट्राइट साचू न देणे व सेंद्रिय अन्नाची योग्य वाटणी हे आज मान्य असलेले उपाय आहेत. त्यांना नवीन यंत्रापेक्षा सतत मापनाची गरज अधिक आहे.

नवीन जंतू : ऑस्ट्रियाचे एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ मध्ये केवळ ऊर्जेच्या गणितावरून अमोनिया व नायट्राइट यांच्या परस्परक्रियेने थेट नायट्रोजन वायू देणारे जंतू निसर्गात असले पाहिजेत, असे भाकीत केले. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथील एका प्रायोगिक टाकीत अमोनिया नाहीसा होत असल्याचे आढळले व १९९५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. या ‘अनॅमॉक्स’ क्रियेस सेंद्रिय अन्न लागत नाही व ऑक्सिजनही निम्म्याहून कमी पुरतो. रॉटरडॅमच्या डोकहाव्हेन केंद्रात २००२ मध्ये तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग सुरू झाला. मात्र तिच्यासाठी आधी मुद्दाम नायट्राइट तयार करावे लागत असल्याने नायट्रस ऑक्साइडाचा धोका तेथेही राहतो. २०१५ मध्ये अमोनियापासून नायट्रेटापर्यंतचे दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जंतू आढळला आणि वॉरिंग्टन व विनोग्राड्स्की यांच्या काळापासूनचा श्रमविभागाचा नियम सार्वत्रिक नसल्याचे कळले. मूत्र वेगळे साठवून त्यातील नायट्रोजन खत म्हणून परत मिळविण्याचे प्रयोगही यूरोपात चालू आहेत. त्यांत लीबिक यांचा जुना विचार नव्या रूपात दिसतो. यूरोपीय संघाच्या २०२४ च्या सुधारित निर्देशात नायट्रोजनाच्या कडक मर्यादांबरोबरच हरितगृह वायूंच्या मापनाचा समावेश झाला.

भारतातील स्थिती : भारतात प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या नागरी भागात दररोज सु. ७,२३७ कोटी लि. वाहितमल निर्माण होत होते व त्यापैकी सु. २,०२४ कोटी लि. वरच प्रत्यक्ष संस्करण होत होते. उरलेले नद्या, नाले व खाड्यांत जाते. तेथेही तेच जंतू तेच वायू निर्माण करतात. फक्त ते कोणी मोजत नाही. कानपूरजवळ जाजमऊ येथे १९८९ मध्ये दररोज ५० लाख लि. क्षमतेचे अनॉक्सिजीवी केंद्र डच साहाय्याने उभारले गेले व नंतर उत्तर भारतात अशी अनेक केंद्रे झाली. त्यांना हवेसाठी वीज लागत नाही; परंतु त्यांत नायट्रोजन निघत नाही व मिथेनचा काही भाग पाण्यात विरघळून पुढे हवेत जातो. अलीकडे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देण्याची व थांबविण्याची पद्धत रूढ झाली असून नवी मुंबईतील नेरूळ येथील केंद्र या प्रकारचे आहे. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्र शासनाच्या अधिसूचनेत नायट्रोजनाची मर्यादा नव्हती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात मोठ्या शहरांसाठी एकूण नायट्रोजन दर लि. मध्ये १० मिग्रॅ. असावा, असे सांगितले.

उष्ण हवामानात नायट्रीकारक जंतू जोमाने वाढतात. त्यामुळे भारतात मुद्दाम योजना केली नाही तरी नायट्रीकरण घडून येते व पुढील टप्पा अपुरा राहिल्यास वायू सुटतो. ज्या देशात बहुसंख्य केंद्रे अद्याप बांधावयाची आहेत, तेथे आरंभीच पाणी व हवा दोहोंचा एकत्र हिशोब करणे सुकर आहे. संस्करण टाळणे हा पर्याय नव्हे. रोगराई, मृत नद्या व उघड्या नाल्यांतून सुटणारे वायू ही त्याची किंमत अधिक जड आहे. वाहितमलातून नायट्रोजन काढून टाकला असे म्हणणे पुरेसे नसून तो कोणत्या रूपाने कोठे गेला याचे उत्तर देता येणे, ही आता शुद्धीकरणाची कसोटी ठरली आहे.